मापाचा माणूस

दिवाळीचा फराळ झाला, भाऊबीज आटोपली, पाहुणेमंडळी आपापल्या घरी गेली, की मुंबईकडच्या माणसाला कुठेतरी जाऊन यावेसे वाटू लागते. लांब जायला रजा नसते आणि घरी बसायला मन नसते. अशा वेळी वसईचा किल्ला मोठा उपयोगी पडतो. सकाळची विरार गाडी पकडावी, वसई रोडला उतरावे, तिथून बसने किंवा रिक्षाने गावात जावे, डबे सोडून झाडाखाली जेवावे, आणि येताना पिशवीत केळी, भाजी आणि मिळाली तर सुकेळी घेऊन दिवेलागणीला घरी परतावे. खर्च बेताचा आणि पुण्य भरपूर.

किल्ल्यात पाऊल टाकल्याबरोबर माणूस आज पहिली गोष्ट कोणती करतो? खिशातून फोन काढतो आणि फोटो घेतो. भिंतीचा घेतो, कमानीचा घेतो, कमानीखाली बायकोला उभी करून घेतो, मग हात लांब करून स्वतःचाही घेतो. अलीकडे तर लग्न ठरलेली जोडपी कॅमेरावाल्यांचा लवाजमा घेऊन तिथे येतात. पडक्या चर्चच्या पायऱ्यांवर शालू सावरत बसलेली वधू आणि तिच्याकडे कौतुकाने पाहणारा वर, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्यांच्याशिवाय तो किल्ला मला ओकाओका वाटेल. पुष्कळांना याचा राग येतो. मला येत नाही. माणसे जिथे आनंदाने जातात ती जागा जिवंत राहते, असा माझा साधा हिशेब आहे.

पण या भिंतींपुढे आपण इतक्या सहजपणे कॅमेरा धरतो, त्या अर्थी इथे आणि आसपासच्या मुलखात सर्वांत आधी कॅमेरा आणणारी माणसे कोण होती, त्यांनी तो कसा आणला आणि त्यातून आपल्या हाती काय राहिले, हे जाणून घ्यायला काय हरकत आहे? दिवाळी अंकासाठी विषय शोधताना मला हा सापडला आणि मी त्यात गुंतून पडलो.

वसईचा इतिहास वाचकांना सांगणे म्हणजे आजोळची वाट आईलाच दाखवणे. तरी तारखा हाताशी असलेल्या बऱ्या. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून हा मुलूख पोर्तुगीजांना मिळाला. पुढे दोनशे वर्षे त्यांनी इथे तट बांधले, चर्चे बांधली, मठ आणि वाडे बांधले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी सुरुंग लावून, माणसे खर्ची घालून हा किल्ला घेतला. इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळादेवळांतून आजही वाजतात. १७८० च्या अखेरीस इंग्रजांनी किल्ला घेतला, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने ज्या तहावर सही केली त्या तहालाही वसईचेच नाव चिकटले. त्यानंतर मात्र या गावाकडे इतिहासाने पाठ फिरवली. छपरे कोसळली, लाकूड गेले, भिंतींच्या फटींत पिंपळाने मुळे घातली. १८२५ साली बिशप हेबर इथे आला तेव्हा त्याला जे दिसले ते ओसाड, पडके शहरच होते.

पडके शहर म्हटले की साहेबाला चित्र काढावेसे वाटे. कॅमेरा येण्यापूर्वी आपल्याकडच्या लेण्यांची, देवळांची, किल्ल्यांची चित्रे साहेबलोक हाताने काढत. त्यांतली काही फार सुंदर आहेत. पण चित्रकाराचा हात मनाचा गुलाम असतो. त्याला जिथे झाड हवे तिथे झाड येते, नको असलेली झोपडी नाहीशी होते, आणि अज्ञात लिपीतली अक्षरे कागदावर उतरताना वेलबुट्टी होऊन जातात. शिलालेख वाचू पाहणाऱ्या पंडिताला असल्या चित्राचा काय उपयोग?

म्हणून १८३९ साली फ्रान्स आणि इंग्लंडमधून छायाचित्रणाची बातमी आली तेव्हा पंडितांना हर्ष झाला. हात नाही, मन नाही. सूर्यच चित्र काढणार! मुंबई या बाबतीत मुळीच मागे राहिली नाही. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात गोरे अधिकारी होते तसे आपलेही लोक होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने वैद्य, पण छायाचित्रणात इतके तरबेज की सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर त्यांना जागा मिळाली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. म्हणजे ही विद्या साहेबाच्या पेटीतून उतरली आणि एका वर्षात आपल्या मुलांच्या हातात गेली. हे आपण विसरतो.

१८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी मुंबईत एक मासिकच काढले. आजच्या मासिकात चित्रे छापलेली असतात. त्यांच्या मासिकात खरेखुरे फोटो असत. एकेक फोटो कागदावर उतरवायचा, कातरायचा आणि अंकाअंकात खळीने चिकटवायचा. छापील फोटोचे तंत्र अजून यायचे होते. आपल्या हातातला हा दिवाळी अंक तशा रीतीने काढायचा म्हटला तर संपादकमंडळी पुढच्या दिवाळीपर्यंत चिकटवीतच बसतील!

त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनाही वाटू लागले की जुन्या इमारतींची चित्रे काढवून घेण्यापेक्षा फोटो काढवावे. काम अचूक होते आणि पैसेही वाचतात. कंपनीला अचूकतेपेक्षा दुसरे कारण अधिक पटले असावे, अशी मला शंका आहे. ते असो. मुंबई सरकारने १८५५ साली तोफखान्यातले कॅप्टन बिग्ज यांना या कामावर नेमले. त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या इमारतींचे फोटो काढले. वर्ष संपायच्या आत त्यांना पलटणीत परत बोलावले गेले आणि डॉ. पिगू नावाचे लष्करी डॉक्टर त्यांच्या जागी आले. या मंडळींच्या फोटोंचे मोठमोठे ग्रंथ १८६६ साली लंडनला निघाले. विजापूरचा गोलघुमट पाहायला ज्याला कधी बोट सोडावी लागणार नव्हती असा इंग्रज, आरामखुर्चीत बसून त्याच्या कमानी मोजू लागला.

आता हे फोटो निघत कसे ते सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

१८५१ साली इंग्लंडात आर्चर नावाच्या गृहस्थाने ओल्या काचेची रीत शोधून काढली, आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे तिचेच राज्य चालले. फोटो घ्यायच्या जागी आधी काळा तंबू ठोकायचा. तंबूत बसून स्वच्छ पुसलेल्या काचेवर कॉलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा आणि काच चहूकडे कलती करून तो सारखा पसरवायचा. घावनाचे पीठ तव्यावर पसरवणाऱ्या गृहिणीला हे कौशल्य समजेल. मग ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून मनातल्या मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचे आणि धावत पुन्हा तंबूत शिरून ती धुवायची. काच वाळली की फोटो गेला. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा.

विलायतेच्या थंडीत हे ठीक. आपल्या चैत्रवैशाखात त्या तंबूत काय होत असेल? कॉलोडियनमधले ईथर भुर्रकन उडून जाई आणि त्याच्या वासाने डोके गरगरे. घाम काचेवर टपके. वाऱ्याबरोबर धूळ येई आणि ओल्या काचेवर बसे. चांदीच्या क्षाराने बोटे काळी पडत, ती कित्येक दिवस काळीच राहत. धुण्यासाठी स्वच्छ पाणी हवे. ते डोंगरातल्या लेण्यापाशी मिळायचे कुठून? सॅम्युएल बोर्न हा त्या काळातला नामांकित फोटोग्राफर. तो १८६४ साली काश्मीरला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर चाळीसएक हमाल होते. काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, तंबू, तिवई, कॅमेरे असा सारा संसार माणसांच्या पाठीवर. एक काच फुटली की एक डोंगर पुन्हा चढायचा.

एवढे करून फोटो यायचा त्यात काही खोडी ठरलेल्या. आकाश नेहमी पांढरेफटक, कारण ती काच निळ्या रंगाला भारी हळवी. जे हलले ते पुसट झाले. चालता माणूस धुरासारखा दिसे, बैलगाडी निघून गेली तर दिसतच नसे. वसईसारख्या खाडीकाठच्या जागी भिंतीचा दगड न् दगड मोजून घ्यावा इतका स्पष्ट, आणि शेजारच्या माडाच्या झावळ्या मात्र वाऱ्याने विसकटलेल्या कापसासारख्या. त्या काळच्या कॅमेऱ्याला स्थिर तेवढेच खरे वाटे.

मुंबईहून वसईला यायचे तर पूर्वी गलबताखेरीज सोय नव्हती. १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. कंपनीची आगगाडी खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत पोचली, आणि १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. आज त्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळवताना जे हाल होतात ते विरारकरांना विचारावे! पण काचांच्या पेट्या घेऊन हिंडणाऱ्या माणसाला ती गाडी वरदान होती. ज्या किल्ल्यासाठी पूर्वी भरती-ओहोटी पाहावी लागे, तो आता वेळापत्रकात बसला.

आणि मग १८७६ साली ते पुस्तक निघाले, ज्याच्यासाठी मी हा सारा प्रपंच मांडला. डॉ. जोसे जेर्सन द कुन्हा हे मूळचे गोव्याचे. जन्म १८४४ चा. मुंबईत ते डॉक्टरी करीत आणि फावल्या वेळात जुनी नाणी, जुने कागद आणि जुने दगड यांच्या मागे लागत. चौल आणि वसई या दोन गावांच्या इतिहासावर आणि अवशेषांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मुंबईच्या थॅकर, व्हायनिंग कंपनीने तो काढला. त्यात नऊ शिळाछापाची चित्रे, एक नकाशा आणि सतरा फोटो आहेत.

सतरा! आजचे एखादे जोडपे कमानीखाली उभे राहून पाच मिनिटांत याहून अधिक फोटो काढते. पण त्या सतरांमागे किती ओझी, किती घाम आणि किती काचा असतील याचा विचार करा. इतकी मेहनत करून मिळालेला फोटो माणूस उगाच कुठेतरी टाकून देत नाही. तो त्याला नाव देतो. ही कोणती इमारत, ती कोणत्या पंथाच्या साधूंनी कधी बांधली, आज तिचे काय उरले आहे, हे सगळे द कुन्हांनी शब्दांत मांडले आणि शेजारी चित्र ठेवले. किल्ल्यातल्या चर्चच्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत. त्यांच्यावरचे पोर्तुगीज लेख त्यांनी वाचून उतरवून घेतले. वैद्याने रोग्याची नाडी पाहावी तशी त्यांनी त्या अवशेषांची नाडी पाहिली आणि टिपण ठेवले. शब्द आणि चित्र एकत्र आले म्हणजे साक्ष तयार होते. नुसते चित्र मुके, नुसता शब्द आंधळा.

साक्ष टिकायची तर तिच्या प्रती हव्यात, हेही त्याच काळाने शिकवले. अजिंठ्याची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमले. वाघांच्या आणि तापाच्या त्या मुलखात राहून त्याने वर्षानुवर्षे मोठमोठी तैलचित्रे रंगवली आणि लंडनला पाठवली. तिथे ती क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या डिसेंबरअखेर त्या इमारतीला आग लागली आणि थोडकी सोडून सारी चित्रे भस्म झाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा अजिंठ्याला गेले, तेरा वर्षे खपले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ साली लंडनच्याच दुसऱ्या आगीत जळाल्या. पण याच गिलने कॅमेराही हाती धरला होता. त्याच्या शंभर जोडफोटोंचे पुस्तक १८६४ साली निघाले. ते दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिले की लेणे डोळ्यांपुढे खोल उभे राहते. त्या फोटोंच्या प्रती घरोघर, ग्रंथालयोग्रंथालयी गेल्या होत्या. म्हणून ते उरले. एकुलते एक होते ते जळाले, अनेक होते ते वाचले.

कॅमेऱ्याची इतकी स्तुती केल्यावर त्याला काय दिसत नाही तेही सांगितले पाहिजे. वसईपासून हाकेच्या अंतरावर सोपारा आहे. आजच्या भाषेत नालासोपारा. तिथे बुरुडराजाचा कोट म्हणून एक टेकाड होते. त्याचा कुणी फोटो काढला असता तर काय दिसले असते? गवत वाढलेला मातीचा ढीग. १८८२ च्या एप्रिलात पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे आले. हे जुनागडचे, डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले. शिलालेखाची नक्कल हाताने काढावी तर भगवानलालांनी, असा त्यांचा लौकिक. त्यांनी ते टेकाड खणवले. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा करंडक, आणि सर्वांत आत मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून श्रद्धेने जपलेले होते. बरोबर यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. अशोकाच्या आठव्या आज्ञेचा दगडही भगवानलालांना त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळाला, आणि नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. दोन हजारांहून अधिक वर्षे तो तिथे पडून होता. सूर्याला फक्त वरचे दिसते. खालचे शोधायला माणूस लागतो.

माणूस म्हटला आणि मला त्या जुन्या फोटोंतली, माझ्या मनातून न जाणारी गोष्ट आठवली.

पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांचे, देवळांचे, किल्ल्यांचे जुने फोटो पाहत गेलात तर तुम्हाला एक माणूस पुन्हा पुन्हा भेटेल. खांबाशी टेकून उभा असेल, नाहीतर पायरीवर उकिडवा बसलेला असेल. डोक्याला मुंडासे, कमरेला धोतर किंवा पंचा, हात जागच्या जागी थिजलेले. तो तिथे सहज आलेला नसतो. त्याला साहेबाने उभा केलेला असतो. खांब किती उंच आहे ते लंडनच्या वाचकाला कळावे म्हणून. अमुक इतके फूट असे लिहिण्यापेक्षा शेजारी माणूस उभा केला की उंचीचा अंदाज पटकन येतो. तो मापाचा माणूस. फूटपट्टी जशी पेटीतून काढावी तसा तो जवळच्या गावातून काढलेला.

फोटोखाली खांबाचे नाव असते. लेण्याचा क्रमांक असतो. काढणाऱ्या साहेबाचे नाव, हुद्दा, पलटण सारे असते. त्या माणसाचे नाव नसते. कदाचित साहेबाच्या काचांची पेटी पाठीवर घेऊन तोच डोंगर चढला असेल. त्यानेच पाणी आणून दिले असेल. लेण्यात जायची वाट त्यानेच दाखवली असेल. त्याच्या आजापणजाला ती ठाऊक होती. पण फोटोत तो साडेपाच फूट उंचीचा एक ठोकताळा आहे, बाकी कोणी नाही.

ज्या जॉन्सनच्या मासिकाविषयी मी वर लिहिले त्यानेच पुढे, १८६३ आणि १८६६ साली, मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या निरनिराळ्या लोकांच्या फोटोंचे दोन भाग काढले. पुष्कळ ठिकाणी माणसे स्टुडिओत बसवलेली आणि त्यांच्यामागे दुसऱ्याच फोटोतली जागा जोडलेली. खाली लिहिलेले काय? अमुक ज्ञातीचे लोक. माणसाच्या अंगावरच्या अंगरख्याची घडी न् घडी दिसते, डोळ्यांतली चमक दिसते, फक्त नाव दिसत नाही.

वसईच्या किल्ल्यातल्या थडग्यांच्या दगडांवर कुणा पोर्तुगीज सरदाराचे, त्याच्या बायकोचे नाव अडीचशे-तीनशे वर्षांनंतरही द कुन्हांना वाचता आले, कारण ते कुणीतरी कोरून ठेवले होते. ज्यांनी ते दगड घडवले त्या पाथरवटांची नावे मात्र गेली. तट बांधणारे, चुना मळणारे, आणि पुढे त्याच तटावर शिड्या लावून चढणारे मावळे, यांतल्या किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? ज्याचे नाव लिहिले तो राहिला. बाकीचे मापाला उभे राहून निघून गेले.

आता वाचक म्हणतील, साहेबाला नावे ठेवणे सोपे आहे. बरोबर. म्हणून मी आपल्या घरात येतो.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आली की तिच्यातून फोटोंचा पुडका निघतो. कामे बाजूला राहतात आणि सगळे घर त्याच्याभोवती जमते. ही आजी. हे तुझे काका, मुंजीच्या वेळचे. आणि ही कोण रे, कडेला उभी? कुणालाच सांगता येत नाही. ज्यांना सांगता आले असते ते फोटोतच राहिले. अशी एक तरी बाई, असे एक तरी पोर प्रत्येक घराच्या फोटोंत असते. पाहुणी असेल, शेजारीण असेल, घरात राबणारी असेल. पाठीमागच्या खोलीची उंची समजावी इतकाच आता तिचा उपयोग. म्हणजे आपल्याही घरी मापाची माणसे आहेत.

आमच्याकडे वसईच्या किल्ल्यातला एक फोटो आहे. पडक्या भिंतीपुढे नऊवारीतल्या तीन बायका आणि चार मुले. पाठीवर शाईने लिहिले आहे: वार, तारीख, १९५८ साल, भिंत कोणत्या बाजूची आणि फोटो सकाळी कोणत्या दिशेने घेतला ते, मग डावीकडून उजवीकडे सातही नावे. शेवटचे नाव ज्यांच्या वाडीत त्या दिवशी उतरले होते त्यांच्या मुलीचे. हा आमच्या आजोबांचा शिरस्ता. ते कचेरीत कारकून होते आणि नोंद केल्याशिवाय कागद पुढे सरकू देत नसत. आम्ही लहानपणी याला हसायचो. आज तो फोटो हातात धरून त्या भिंतीपुढे उभे राहता येते. आजीच्या डोक्यामागे फटीत पिंपळाचे वीतभर रोप आहे. तसल्या रोपांची पुढे मुळे होतात आणि मुळांनी भिंती फुटतात, हे किल्ल्यात हिंडणाऱ्या कुणालाही दिसते. घरच्या आठवणीसाठी काढलेला फोटो भिंतीचाही दाखला झाला, तो पाठीवरच्या चार ओळींमुळे. आणि वाडीतली ती मुलगी नावासकट आमच्यात राहिली.

गिल, बिग्ज, पिगू यांचे फोटो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. द कुन्हांचे पुस्तकही पुन्हा छापले गेले आहे. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पण तटाच्या बाहेर जे आहे त्याचा फोटो कोण काढणार? वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली झाला, आणि या काळात वाड्या किती झपाट्याने गेल्या आणि इमारती किती झपाट्याने आल्या ते लोकलच्या खिडकीतून दिसते. विहिरीवरचा रहाट, कौलारू घराची ओटी, गावाच्या वेशीवरचा लाकडी क्रूस, तळ्याकाठचे देऊळ: यांतले काहीच प्राचीन म्हणण्याइतके जुने नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला बिग्जही येत नाही आणि द कुन्हाही येत नाहीत. त्यांच्या वाट्याला आपणच येतो, कारण फोन आपल्या खिशात आहे.

तेव्हा यंदा सुटीत वसईला जाल तर फोटो जरूर काढा, हवे तेवढे काढा. पण शंभरांतले पाच निवडा, कागदावर उतरवून घ्या आणि पाठीवर लिहा: जागा, तारीख, दिशा. मग फोटोत जी जी माणसे आहेत त्यांची नावे. ज्याने रिक्षा थांबवून वाट दाखवली आणि हसत तुमच्या शेजारी उभा राहिला, त्याला नाव विचारा आणि तेही लिहा. एक प्रत भावाला द्या, एक बहिणीला. ओवाळणीच्या तबकात ठेवायला याहून स्वस्त वस्तू नाही, आणि नातवंडांच्या हाती पडेल तेव्हा याहून महाग वस्तूही नसेल.